घरच्या वायफायवर कोण-कोण आहे, हे कसं तपासायचं?

नेट अडखळायला लागलं, डेटा नेहमीपेक्षा भराभर संपला, किंवा गेटजवळ कोणी रोजच मोबाइल घेऊन उभं दिसलं, की आपल्या वायफायवर दुसरं कोणी बसलं आहे का, अशी शंका येते. ती घरबसल्या तपासता येते. पैसे लागत नाहीत आणि नेटवाल्या भाऊला बोलवावंही लागत नाही. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची यादी राउटरमध्येच असते आणि ती उघडायला फार वेळ लागत नाही.

वेळ लागतो तो यादी समजून घ्यायला. तिच्यात 'एस्प्रेसिफ', 'होन हाय', 'अननोन' असली नावं असतात आणि पाहणारा घाबरून जातो. आमचं घर नागपुरात, मानेवाड्याकडच्या एका ले-आउटमधलं. खाली आम्ही, वरच्या माळ्यावर किरायदार, स्लॅबवर सोलर. यादी पहिल्यांदा उघडली तेव्हा निम्मी नावं ओळखीची वाटली नाहीत. एकेकाचा छडा लावत गेल्यावर कळलं की सगळी आपल्याच घरातली आहेत. तो छडा कसा लावायचा, ते क्रमानं लिहितो आहे. पुष्कळ जण अनोळखी नाव दिसताच 'ब्लॉक' दाबतात आणि मग टीव्ही का चालत नाही म्हणून शोधत बसतात. त्याहून वाईट म्हणजे वर राहणाऱ्या पोरांवर नाहक आळ घेतात.

हाताशी काय असावं

- वायफायला जोडलेला मोबाइल किंवा लॅपटॉप. लॅपटॉप असेल तर बरं, लांबलचक तक्ता मोठ्या पडद्यावर नीट वाचता येतो.
- राउटरच्या खाली किंवा मागे लावलेल्या स्टिकरचा फोटो. अक्षरं बारीक असतात, फोटो मोठा करून वाचा.
- कागद आणि पेन.
- नेट कंपनीचा ग्राहक क्रमांक आणि त्या खात्याला जोडलेला मोबाइल. कनेक्शन वडिलांच्या, घरमालकाच्या किंवा सोडून गेलेल्या किरायदाराच्या नावावर असेल तर ओटीपी त्यांच्याकडे जातो. तेवढी सोय आधी करून ठेवा.
- जमल्यास एक लॅन केबल. पासवर्ड बदलताना वायफाय तुटतं, केबलनं जोडलेला लॅपटॉप मात्र तुटत नाही.

या लेखात सगळे आकडे मराठीत छापले आहेत. ब्राउझरमध्ये पत्ता टाकताना इंग्रजी आकडे आणि इंग्रजी अक्षरंच वापरायची.

१. राउटरला हात लावण्याआधी घरातली यादी करा

ही पायरी सगळे टाळतात, आणि पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. राउटर सांगेल की १७ उपकरणं जोडलेली आहेत. पण तुमच्या घरात किती असायला हवीत, हेच माहीत नसेल तर त्या १७ चा उपयोग काय?

कागद घेऊन खोलीखोलीतून फिरा. मोबाइल आणि लॅपटॉप सहज आठवतात. विसरतात ते असे: कपाटात ठेवलेला, पण पोरं गेमसाठी काढतात तो जुना मोबाइल, टीव्ही आणि त्याच्या मागे खोचलेली स्टिक (ही दोन वेगळी उपकरणं), सेट-टॉप बॉक्स, प्रिंटर, गेटवरचा कॅमेरा, वायफायवाला एसी, स्मार्ट बल्ब आणि प्लग, आवाजावर चालणारा स्पीकर, हातातलं घड्याळ. सोलर असेल तर इन्व्हर्टरला लावलेली छोटी स्टिकही लिहा. वीजनिर्मितीचे आकडे मोबाइलवर येतात ते तिच्यामुळेच. बसवणाऱ्यानं ती तुमच्या वायफायला जोडून दिलेली असते, आणि पुढे ती कोणाच्या लक्षात राहत नाही.

महावितरणचा स्मार्ट मीटर यादीत धरू नका. तो घरच्या वायफायवर येत नाही, त्याची संपर्काची व्यवस्था वेगळी असते.

मग माणसं आठवा. पासवर्ड कोणाकोणाला दिला आहे? किरायदार, समोरच्या काकू, घरी शिकवायला येणारे सर. महालक्ष्म्यांच्या जेवणाला आलेले सगळे भाचे-पुतणे. एकदा दिलेला पासवर्ड मोबाइल विसरत नाही. तो मोबाइल पुढच्या वर्षी तुमच्या फाटकात शिरला की आपोआप जोडला जातो. शिवाय अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, जोडलेल्या मोबाइलवरून क्यूआर कोड दाखवून दुसऱ्याला वायफाय देता येतं. त्यामुळे ज्याला दिला त्यानं पुढे कोणाला दिला, हे तुम्हाला कळत नाही.

२. राउटरचा पत्ता शोधा

राउटरच्या आत जायला त्याचा घरातला पत्ता लागतो. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. जिओच्या फायबर राउटरला १९२.१६८.२९.१ असतो. स्टिकरवर छापलेला असतोच, पण अंदाज लावण्यापेक्षा उपकरणालाच विचारा.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधून वायफायमध्ये जा आणि जोडलेल्या नेटवर्कसमोरच्या दातेरी चाकावर टिचकी मारा. खाली 'गेटवे' असं लिहिलेलं दिसेल. आयफोनमध्ये नेटवर्कसमोरचा गोलातला 'आय' दाबला की 'राउटर' या शब्दापुढे पत्ता असतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाका आणि 'डिफॉल्ट गेटवे' ही ओळ पाहा.

३. राउटरच्या पानात शिरा

तो पत्ता ब्राउझरच्या सगळ्यात वरच्या पट्टीत टाका. शोधाच्या चौकटीत टाकू नका. शोधात 'राउटर लॉगिन' नावाची भलतीच पानं येतात, खोटे कस्टमर केअर नंबरही येतात. राउटरचं खरं पान तुमच्या घरातच असतं, बाहेरच्या कुठल्याही साइटवर नसतं.

पान उघडत नसेल तर मोबाइल डेटा बंद करा, व्हीपीएन असेल तर तेही बंद करा. बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं. 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा आला तर घाबरू नका. पत्ता गेटवेचाच आहे हे पुन्हा एकदा पाहून पुढे जा.

आता युजरनेम आणि पासवर्ड मागितला जाईल. हा वायफायचा पासवर्ड नाही, राउटरच्या आत जाण्याचा वेगळा पासवर्ड आहे. तो स्टिकरवर असतो किंवा बसवणाऱ्यानं ठेवलेला असतो. दोन्ही जागी 'ॲडमिन' टाकून दार उघडलं, तर वायफायवर आलेला कोणीही माणूस तुमच्या राउटरचा मालक होऊ शकतो. हा आतला पासवर्ड आजच बदला आणि कागदावर लिहून जपून ठेवा.

पासवर्ड सापडलाच नाही तर मागच्या बारीक छिद्रात पिन खुपसून 'रिसेट' करायचा मोह होतो. नेट कंपनीनं बसवलेल्या फायबरच्या डब्यावर हे करू नका. त्यानं पासवर्डबरोबर कंपनीची नेट चालू ठेवणारी मांडणीही पुसली जाऊ शकते. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घर नेटविना राहतं, आणि शनिवारी संध्याकाळी तो लवकर मिळत नाही. आधी कंपनीला फोन करा. बर्डीच्या बाजारातून स्वतः आणलेला राउटर असेल तर रिसेट करता येतं, पण नेटचं युजरनेम-पासवर्ड हातात असल्याशिवाय तेही नको.

मोठ्या नेट कंपन्यांच्या आणि राउटर बनवणाऱ्यांच्या ॲपमध्येही जोडलेली उपकरणं पाहायची सोय असते. टीपी-लिंकचं 'टेथर' हे त्यातलंच. घाईत पाहायला ही ॲप चांगली आहेत. नीट तपासायचं असेल तर राउटरचं पानच उघडावं, कारण तिथे जास्त माहिती मिळते.

४. यादी दोन ठिकाणी असते, दोन्ही पाहा

प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते. कुठे 'कनेक्टेड डिव्हाइसेस', कुठे 'अटॅच्ड डिव्हाइसेस', जुन्या टीपी-लिंकवर 'वायरलेस स्टॅटिस्टिक्स'. काही फायबरच्या डब्यांवर ती 'स्टेटस'च्या आत दडलेली असते.

एक यादी 'डीएचसीपी क्लायंट लिस्ट' नावाची असते. आलेल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता ठरावीक वेळेसाठी देतो, पुष्कळ राउटरवर २४ तासांसाठी. उपकरण निघून गेलं तरी ती वेळ संपेपर्यंत नाव तिथेच राहतं. म्हणून काल जेवून गेलेल्या पाहुण्याचा मोबाइल आज सकाळीही दिसतो. 'कोणीतरी आत्ता बसलंय' असा समज बहुतेक वेळा या यादीमुळे होतो.

दुसरी यादी वायरलेसच्या विभागात असते. ती या क्षणी खरोखर वायफायला जोडलेली उपकरणंच दाखवते. नावं कमी मिळतात, पण सिग्नलची ताकद मिळते. तिचा उपयोग पुढे होणार आहे.

दोन्हींचे स्क्रीनशॉट घ्या. मग शक्य असेल तर राउटर बंद करून चालू करा, थोडा वेळ थांबा आणि पुन्हा पाहा. पुष्कळ राउटरवर जुनी नावं अशी गळून पडतात. लाइन, म्हणजे वीज, जाऊन आल्यावरही हेच होतं. मात्र यादीत काही खरंच गंभीर दिसलं असेल तर आधी शेवटची पायरी वाचा, मगच राउटर बंद करा.

*घरात दोन डबे असतील तर:* कंपनीचा फायबर डबा आणि त्याला जोडलेला तुमचा राउटर, अशी मांडणी पुष्कळ घरांत असते. अशा वेळी फायबरच्या डब्यात एकच उपकरण दिसू शकतं, आणि ते म्हणजे तुमचा राउटर. खरी यादी राउटरमध्ये असते. पण डब्याचं स्वतःचं वायफायही चालू राहिलेलं असतं, स्टिकरवरच्या जुन्या पासवर्डसकट. ते वापरात नसेल तर बंद करा. दोन माळ्यांच्या घरात वर लावलेला रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पुढे पोहोचवणारा डबा, हाही गोंधळ घालतो. काही रिपीटर आपल्या मागची सगळी उपकरणं एकाच मॅक ॲड्रेसखाली (उपकरणाचा ओळख क्रमांक, पुढच्या पायरीत पाहा) दाखवतात.

५. नावं जुळवा

कागदावरची यादी एका बाजूला आणि पडद्यावरची दुसऱ्या बाजूला ठेवा. आधी सोपी नावं खोडा. 'गॅलेक्सी', 'आयफोन', 'डेस्कटॉप' असं लिहिलेलं लगेच कळतं. उरलेल्यांसाठी मॅक ॲड्रेस पाहा. हा बारा आकडे-अक्षरांचा क्रमांक असतो, दोन-दोनच्या सहा जोड्या. त्यात ० ते ९ आणि इंग्रजीतली ए ते एफ ही अक्षरं येतात. पहिल्या तीन जोड्यांवरून बनवणारी कंपनी कळते. नेटवर मॅक ॲड्रेसवरून कंपनी सांगणारी मोफत पानं आहेत, तिथे पहिल्या तीन जोड्याच टाका. पूर्ण क्रमांक द्यायची गरज नसते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दिसणारी कंपनी वायफायची चिप किंवा भाग बनवणारी असते, तुम्ही विकत घेतलेल्या वस्तूची असेलच असं नाही. 'एस्प्रेसिफ' ही शांघायची चिप कंपनी आहे. तिच्या चिप स्मार्ट बल्ब, प्लग आणि अशाच घरगुती वस्तूंमध्ये असतात. 'होन हाय' म्हणजे फॉक्सकॉन, तिचे भाग कितीतरी लॅपटॉपमध्ये असतात. 'इंटेल' आणि 'अझ्युअरवेव्ह' दिसलं तर लॅपटॉप आठवा. 'हिकव्हिजन' किंवा 'दाहुआ' दिसलं तर कॅमेरा.

काही मॅक ॲड्रेसना कंपनीच सापडत नाही, आणि इथेच लोकांची झोप उडते. हा बहुधा तुमचाच मोबाइल असतो. अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून मोबाइल आपला खरा मॅक ॲड्रेस लपवतात आणि प्रत्येक वायफायला वेगळा बनावट पत्ता दाखवतात. बाजारातल्या आणि स्टेशनवरच्या वायफायवर तुमचा माग काढता येऊ नये, यासाठी ही चांगली सोय आहे. असा पत्ता ओळखायची खूण सोपी आहे. मॅक ॲड्रेसचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो बनावट पत्ता. घरातल्या प्रत्येक मोबाइलवर त्या नेटवर्कच्या माहितीत जाऊन दिसणारा पत्ता कागदावर लिहा आणि यादीशी ताडून पाहा.

एकच वस्तू दोनदा दिसण्याचीही कारणं आहेत. लॅपटॉपचा केबलचा आणि वायफायचा मॅक ॲड्रेस वेगवेगळा असतो. तुमच्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची दोन वेगळ्या नावांची नेटवर्क असतील, तर एकच मोबाइल दोन्हींवर वेगळ्या पत्त्यानं येतो. नेटवर्क 'विसरा' करून पुन्हा जोडलं तरी नवा पत्ता मिळू शकतो.

एवढं करून दोन-तीन नावं उरतात. त्यांच्यासाठी सिग्नल आणि वेळ या दोन गोष्टी पाहा.

सिग्नल उणे आकड्यात असतो. उणे ४० च्या आसपास असेल तर वस्तू त्याच खोलीत आहे. उणे ७५ ते ८५ असेल तर ती भिंतींच्या पलीकडे, स्लॅबवर किंवा रस्त्यावर आहे. उणे ४५ चं 'अननोन' हे तुमच्याच हॉलमधलं काहीतरी असतं, भिंतीपलीकडचं माणूस नसतं. उन्हाळ्यात एक लक्षात ठेवा: खिडकीतल्या कूलरचा पत्रा आणि आतलं पाणी सिग्नल बरंच अडवतं. राउटर आणि वस्तू यांच्यामध्ये कूलर असेल तर जवळची वस्तूही लांबची वाटते.

वेळेची खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. यादी सकाळी, दुपारी आणि रात्री पाहा. आमच्याकडचं एक अनोळखी नाव दुपारी दिसायचं, सिग्नल कमजोर, आणि अंधार पडला की गायब. दिवसा चालणारं आणि रात्री झोपणारं घरात काय आहे? सोलरचा इन्व्हर्टर. पुष्कळ इन्व्हर्टर सूर्य मावळल्यावर बंद होतात आणि त्यांच्यावरच चालणारी वायफायची स्टिकही बंद होते. याच रीतीनं, रात्री अकरानंतरच येणारं नाव उशिरा अभ्यास करणाऱ्या पोराचं असतं. चोवीस तास हलतच नाही ते कॅमेरा किंवा सेट-टॉप बॉक्स.

६. उरलेलं एकेक बंद करून पाहा

संशयाची वस्तू बंद करा, मिनिटभर थांबा, वायरलेसची यादी पुन्हा उघडा. नाव गेलं तर तीच. ओळख पटली की राउटरमध्येच त्याला नीट नाव द्या, 'स्वयंपाकघर एसी', 'गेट कॅमेरा' असं. नाव द्यायची सोय नसेल तर मॅक ॲड्रेस कागदावर लिहून तो राउटरजवळ चिकटवा. पुढच्या वेळी हाच कागद अर्धं काम करतो.

किरायदारांची उपकरणं असतील तर सरळ विचारा: "भाऊ, तुमच्याकडून किती मोबाइल-लॅपटॉप जोडले आहेत? मी यादी करतोय." लोक सांगतात. संशयाच्या सुरात विचारलं की मात्र कोणी नीट सांगत नाही, आणि रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाशी बोलणं तुटतं.

७. ॲपनं तपासायचं असेल तर

राउटरच्या पानात शिरता येत नसेल तर मोबाइलवर 'फिंग' आणि विंडोजवर नीरसॉफ्टचं 'वायरलेस नेटवर्क वॉचर' ही दोन मोफत साधनं आहेत. आयफोनवर ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी द्यावी लागते. नव्या मोबाइलवर अशा ॲपना बाकीच्या उपकरणांचे मॅक ॲड्रेस वाचायला बरीच बंधनं आहेत, त्यामुळे माहिती अर्धवट मिळू शकते. स्कॅनच्या वेळी झोपलेला मोबाइल सुटूनही जातो. 'वायफाय चोर पकडा' असल्या नावाची, जाहिरातींनी भरलेली आणि संपर्कयादीची परवानगी मागणारी ॲप घेऊ नका.

८. खरंच परकं निघालं तर पासवर्ड बदला, ब्लॉकवर विसंबू नका

ब्लॉक करणं सोपं वाटतं, पण ते टिकत नाही. ब्लॉक मॅक ॲड्रेसवर चालतो आणि मोबाइलला तो बदलता येतो. पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो नव्या पत्त्यानं पुन्हा आत येतो. म्हणून पासवर्डच बदलायचा.

वायरलेस सिक्युरिटीमध्ये 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' निवडा. नुसतं 'डब्ल्यूपीए३' निवडलं तर जुने टीव्ही आणि कॅमेरे जोडले जात नाहीत. 'डब्ल्यूईपी' किंवा 'ओपन' असेल तर ते आजच्या आज बदला. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा असावाच लागतो, तुम्ही १२ ते १६ अक्षरांचा ठेवा. स्वतःचा मोबाइल नंबर ठेवू नका. आपल्याकडे कितीतरी घरांचा वायफाय पासवर्ड दहा आकडी मोबाइल नंबर असतो, आणि शेजाऱ्याकडे तो नंबर असतोच. गाडीचा नंबर, पोराचं नाव आणि जन्मसाल हेही नको. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द आणि मध्ये एखादा आकडा, असा पासवर्ड घरच्यांना सांगायलाही सोपा पडतो.

त्याच पानावर 'डब्ल्यूपीएस', म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिननं जोडायची सोय, बंद करा. त्यातल्या आठ आकडी पिनची पडताळणी दोन तुकड्यांत होते. त्यामुळे सुमारे ११,००० प्रयत्नांत ती सापडू शकते, हे २०११ मध्येच उघड झालं होतं. पासवर्ड कितीही चांगला असला तरी हे दार उघडं राहिलं तर उपयोग नाही.

राउटरच्या आतला ॲडमिन पासवर्डही याच बैठकीत बदला. परका माणूस वायफायवर होता म्हणजे तो राउटरच्या पानापर्यंतही गेला असू शकतो.

९. पासवर्ड बदलल्यावरची कटकट

हे काम रविवारी सकाळी करा. घरी कोणी मिहानमधल्या कंपनीचं काम घरून करत असेल किंवा पोरांची ऑनलाइन परीक्षा असेल, तर त्या दिवशी अजिबात नको. घरातलं सगळं एकदम तुटतं आणि एकेक पुन्हा जोडावं लागतं. पायरी १ चा कागद इथे कामी येतो.

मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही पटकन जोडले जातात. बल्ब, प्लग, कॅमेरा आणि सोलरची स्टिक वेळ खातात. यातल्या बऱ्याच वस्तू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर दोन्ही बँडचं नाव एकच असेल आणि वस्तू जोडली जात नसेल, तर ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद करा, वस्तू जोडा आणि मग पुन्हा चालू करा.

सोलरची स्टिक तुटली तरी वीज बनत राहते, फक्त ॲपमधले आकडे थांबतात. घाबरून बसवणाऱ्याला बोलवू नका. पुष्कळ स्टिक स्वतःचं एक छोटं वायफाय दाखवतात. त्याला मोबाइल जोडायचा आणि कंपनीच्या ॲपमधून घरचा नवा पासवर्ड द्यायचा. इन्व्हर्टर चालू असतानाच हे जमतं, म्हणजे उन्हातच. मे महिन्यात असेल तर सकाळी आठ-नऊलाच स्लॅबवर जा. दुपारी सोलरच्या पॅनेलजवळ उभं राहवत नाही.

१०. किरायदार आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क

बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते. ते चालू करा, वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड ठेवा, आणि पाहुण्यांना तोच द्या. त्यावरचा माणूस नेट वापरतो, पण तुमचा प्रिंटर, कॅमेरा किंवा लॅपटॉप त्याला दिसत नाही. 'लोकल नेटवर्कला प्रवेश' असा पर्याय असेल तर तो बंद ठेवा. सणवार आटोपले की फक्त हा पासवर्ड बदलायचा. घरचं काही तुटत नाही.

किरायदारांनी स्वतःचं कनेक्शन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वायफाय किरायातच धरायचं असेल तर गेस्ट नेटवर्क द्या आणि खोली रिकामी झाली की पासवर्ड बदला. यात माणसावर अविश्वास नाही. कनेक्शन तुमच्या नावावर असतं आणि त्यावरून जे होईल त्याची पहिली विचारणा तुमच्याकडेच येते. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी वृत्तवाहिन्यांना गेलेल्या ईमेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका घरी पोहोचले होते. त्या घरचं वायफाय उघडं होतं आणि त्याचा वापर दुसऱ्यानंच केला होता. निर्दोष माणसालाही केवढ्या चौकशीला सामोरं जावं लागतं, हे त्या प्रकरणातून महाराष्ट्रानं पाहिलं.

११. तक्रार कधी करायची

शेजारच्या पोरानं पासवर्ड मिळवून व्हिडिओ पाहिले, एवढंच असेल तर पासवर्ड बदला आणि विषय सोडा. पण बँक खात्यातून पैसे गेले, कॅमेऱ्यात कोणी शिरल्याची खूण दिसली, राउटरचा ॲडमिन पासवर्ड परस्पर बदलला गेला किंवा तुमच्या कनेक्शनबद्दल पोलिसांकडून विचारणा आली, तर थांबू नका. पैशांची फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा. बाकी तक्रार केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा नागपूर शहर पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात करता येते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. ते अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तक्रारीला जाताना ओळखपत्र, कनेक्शनचं बिल, दोन्ही याद्यांचे स्क्रीनशॉट आणि राउटरचा 'सिस्टम लॉग' (राउटरनं आपोआप ठेवलेल्या नोंदी) सोबत न्या. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. हे सगळं राउटर बंद करण्याआधी आणि पासवर्ड बदलण्याआधी काढून ठेवा, कारण पुष्कळ राउटरमधला लॉग लाइन गेली की पुसला जातो.